शब्दाविना सौदा

बोलणाऱ्याची माती विकते, न बोलणाऱ्याचे सोनेही विकत नाही, असे आपल्याकडे म्हणतात. म्हण वापरणाऱ्याला वाक्‌चातुर्याचे कौतुक करावयाचे असते. परंतु ज्याला ऐकूच येत नाही अशा माणसाच्या बाजूने ती वाचली, तर ती बाजाराने दिलेली कबुली ठरते. मालाचे मोल मालावरून ठरत नाही, बोलण्यावरून ठरते, ही ती कबुली. नव्या मालाच्या बाबतीत ती आता फारशी खरी राहिलेली नाही. दुकानातील फ्रिजवर छापील किंमत असते, सोबत हमीपत्र असते, पावती मिळते. जुन्या वस्तूला यातले काहीच नसते. ती किती वर्षे वापरली, का विकावयाची आहे, आणखी किती दिवस चालेल, हे सारे विक्रेत्याने बोलून पटवायचे असते. म्हणूनच जुन्या मालाचा बाजार हा सर्वांत बोलका बाजार आहे, आणि नेमका तेथेच कर्णबधिर माणूस सर्वांत एकटा पडतो.

या दृष्टीने पिंपरी-चिंचवड आणि चाकण हा पट्टा मुद्दाम पाहण्याजोगा आहे. १९५४ मध्ये पिंपरीत हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा कारखाना उभा राहिला. साठच्या दशकापासून भोसरी, चिंचवड, आकुर्डी या गावांच्या शेतजमिनींवर यंत्रांची, मोटारींची आणि दुचाकींची कारखानदारी वाढली. पुढे ती इंद्रायणी ओलांडून चाकणपर्यंत गेली. या कारखान्यांच्या आश्रयाने मराठवाड्यातून, विदर्भातून आणि परप्रांतांतून तरुण येथे आले. त्यांतील फार मोठा वर्ग कंत्राटावर काम करणारा आहे. कंत्राट संपले की खोली सोडावी लागते, आणि खोली सोडताना पलंग, कूलर, शेगडी, कधी दुचाकीसुद्धा चार-आठ दिवसांत विकून मोकळे व्हावे लागते. जुन्या वस्तूंची विक्री हा येथे कोणाचा छंद नाही. गावी परतण्याचे भाडे आणि नव्या खोलीची अनामत रक्कम तिच्यातून उभी राहते.

या कामगारांत कर्णबधिरही आहेत. २०११ च्या जनगणनेत देशात पन्नास लाखांहून अधिक लोकांनी श्रवणदोष असल्याची नोंद केली होती. शिवाय हा पट्टा आपले कर्णबधिर स्वतःही घडवतो, हे सोयीस्करपणे विसरले जाते. प्रेसशॉपमध्ये, फोर्जिंगच्या हातोड्याशेजारी वर्षानुवर्षे उभे राहिलेल्या कामगाराचे कान निवृत्तीपर्यंत शाबूत राहतीलच असे नाही. गोंगाटामुळे येणारे बहिरेपण १९४८ च्या कारखाने अधिनियमानेच व्यावसायिक रोगांच्या यादीत घातले होते. तेव्हा जन्मतः कर्णबधिर असलेला तरुण आणि यंत्रांनी कान गमावलेला वृद्ध, दोघांनाही एकाच बाजारात आपली जुनी दुचाकी विकावयाची आहे.

फोन उचलत नाही तो लबाड

पहिला अडथळा वस्तू दाखविण्याआधीच उभा राहतो. जाहिरात सोसायटीच्या फलकावर लावा, व्हॉट्सॲपच्या गटात टाका किंवा ओएलएक्ससारख्या ठिकाणी नोंदवा, ग्राहकाची पहिली प्रतिक्रिया एकच असते. तो फोन करतो. फोन वाजतो आणि कोणी उचलत नाही. दुसऱ्यांदाही उचलला नाही की ग्राहक पुढच्या जाहिरातीकडे वळतो, आणि जाता जाता मनाशी ठरवतो की हा विक्रेता खोटा असावा. फोन न उचलणारा विक्रेता लबाड, असा समज ऑनलाईन फसवणुकींच्या बातम्यांनी दृढ केला आहे. तो समज सावधगिरीतून आलेला आहे, हे मान्य. तथापि त्याची शिक्षा प्रथम निरपराध माणसाला होते.

मग कर्णबधिर विक्रेत्याने जाहिरातीत स्पष्ट लिहावे काय, की 'ऐकू येत नाही, कृपया संदेश पाठवा'? प्रामाणिक माणूस असेच लिहील. मात्र त्याचे दोन परिणाम होतात. काही ग्राहक कटकट नको म्हणून वळतच नाहीत. उरलेल्यांत एखादा असा असतो की ज्याला त्या एका ओळीत संधी दिसते. हा घासाघीस करू शकणार नाही, चारचौघांत तक्रार करू शकणार नाही, असे गणित मांडून तो येतो. आपले व्यंग जाहीर करावे तर भाव पडतो आणि लपवावे तर ग्राहक जातो, अशी ही कोंडी आहे.

सात की साठ

दुसरा अडथळा प्रत्यक्ष भेटीत येतो. ओठांवरून सारे समजते, असा ऐकणाऱ्यांचा एक भाबडा समज आहे. वस्तुतः प, फ, ब, भ, म ही सारी अक्षरे ओठांवर एकसारखी दिसतात. क, ख, ग तर घशाशी उमटतात, ती दिसतच नाहीत. 'सात' आणि 'साठ' यांतील फरक जिभेच्या टोकाचा असतो, तो दातांआड राहतो. त्यात आपल्या मराठी हिशेबाची खास शब्दसंपत्ती आहे. सव्वा, दीड, पावणेदोन, अडीच, साडेतीन हे शब्द ऐकणाऱ्याला लहानपणी आपोआप मिळतात. ज्याने ते कधी ऐकलेच नाहीत, त्याला 'पावणेअकरा' म्हणजे अकराहून कमी की अधिक हे ओठांवरून कसे कळावे? समोरच्याला मिशी असेल, तोंडात तंबाखू असेल, तो गाडीच्या इंजिनकडे वाकून बोलत असेल, तर तेवढाही आधार राहत नाही.

त्यातच जुना माल घेणारा व्यापारी क्वचितच एकटा येतो. दोघे-तिघे येतात, वस्तूभोवती फिरतात, आपसांत बोलतात. ऐकणारा विक्रेता त्यांच्या कुजबुजीवरून अंदाज बांधतो. कोणाला वस्तू खरोखर हवी आहे, कोण उगाच नाक मुरडतो आहे, ते त्याला कळते. कर्णबधिराला फक्त हलणारे ओठ आणि शेवटी पुढे केलेली बोटे दिसतात. तीन बोटे म्हणजे तीन हजार की तीस, एवढे निदान समजते. पण 'टायर बदलावे लागतील, बॅटरी गेली आहे, म्हणून इतके कमी' हा मधला सारा युक्तिवाद त्याच्यावाचून झालेला असतो. त्या युक्तिवादाला उत्तर देण्याची संधी त्याला मिळालीच नाही. घासाघीस हरला, असे त्याच्याविषयी म्हणता येत नाही, कारण ती त्याच्याशी झालीच नाही.

बोटांचा बाजार

येथे कोणी म्हणेल, व्यवहार बोलण्यावरच चालणार, त्याला इलाज काय? या म्हणण्याला याच भूमीतील जुना बाजार उत्तर देतो. महाराष्ट्रातील बैलबाजारांत पिढ्यान्‌पिढ्या सौदे ठरले ते उपरण्याखाली, एकमेकांची बोटे दाबून. तोंडातून शब्द निघत नसे. किती बोटे धरली, कोणत्या पेराला स्पर्श केला, यावर हजारोंचे व्यवहार पार पडत. शेतमालाच्या अडतीतही हीच 'हत्ता' पद्धत होती. चाकणचा कांद्याचा आणि जनावरांचा बाजार तेथील कारखान्यांहून जुना आहे. भाव हाताने सांगता येतो, ही गोष्ट अशा बाजारांना नवी नाही.

मात्र या पद्धतीची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. उपरण्याखाली काय ठरले ते ज्याचा माल विकला जात होता त्या शेतकऱ्याला दिसत नसे. अडत्या सांगेल तो भाव. ही अपारदर्शकता मोडण्यासाठीच बाजार समित्यांचे कायदे आले. १९३९ चा मुंबई प्रांताचा कायदा आणि नंतर महाराष्ट्राचा १९६३ चा अधिनियम यांनी नियमन केलेल्या बाजारांत उघड लिलाव आणि लेखी हिशेबपट्टी आणली. म्हणजे, ज्याचा माल त्याला सौदा कळला पाहिजे, हे तत्त्व शेतकऱ्यासाठी आपण केव्हाच मान्य केले. त्या वेळी डोळस, ऐकणारा, बोलणारा शेतकरीही सौद्याबाहेर पडला होता, आणि त्याला आत आणणारी गोष्ट होती उघड आणि लेखी भाव. कर्णबधिर विक्रेत्याची मागणी याहून वेगळी नाही. त्याच्यासाठी उपरण्याची जागा बोलण्याने घेतली आहे, एवढेच.

कायद्यालाही शब्दोच्चाराची आवश्यकता वाटत नाही. १८७२ च्या भारतीय करार अधिनियमाने शब्दांत केलेला करार आणि शब्दांवाचून, कृतीतून दिसणारा करार, दोन्ही मान्य केले आहेत. १९३० च्या वस्तुविक्री अधिनियमानुसार विक्रीचा करार लेखी असू शकतो, तोंडी असू शकतो किंवा वर्तनावरूनही मानला जाऊ शकतो. कायद्याच्या दृष्टीने खुणेने ठरलेला सौदा हा पूर्ण सौदा आहे. प्रश्न येतो तो नंतर, वाद झाल्यावर, काय ठरले होते हे सिद्ध करण्याचा.

कोऱ्या कागदावरची सही

दुचाकीच्या विक्रीत हा प्रश्न अतिशय गंभीर होतो. १९८८ च्या मोटार वाहन अधिनियमाच्या कलम ५० नुसार, वाहन त्याच राज्यात विकले गेल्यास विकणाऱ्याने चौदा दिवसांत परिवहन कार्यालयाला कळवावयाचे असते, आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत आपल्या नावावर करून घ्यावयाचे असते. त्यासाठी नमुना २९ आणि ३० हे अर्ज आहेत. व्यवहारात काय होते, ते एमएच-१४ क्रमांकाची जुनी गाडी विकलेल्या कोणालाही ठाऊक आहे. दलाल कोऱ्या अर्जांवर सह्या घेतो आणि 'बाकीचे मी पाहतो' म्हणतो. ऐकणारा विक्रेता दहा दिवसांनी फोन करून विचारतो, चार वेळा विचारतो, आवाज चढवतो. कर्णबधिराच्या हाती सही केल्यानंतर काहीच राहत नाही.

आणि गाडी नावावरून उतरलीच नाही तर? फेब्रुवारी २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केले की, गाडी हातोहात पुढे विकली गेली असली तरी परिवहन कार्यालयाच्या नोंदीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याने मालक, आणि अपघाताच्या भरपाईची जबाबदारी त्याची. म्हणजे, दोन वर्षांपूर्वी काही हजारांना विकलेल्या दुचाकीपायी एखाद्या कामगारावर लाखोंच्या भरपाईची नोटीस येऊ शकते. ही जोखीम सर्वांनाच आहे. पण तिची सूचना ज्याला तोंडी मिळत नाही आणि पाठपुरावा ज्याला फोनवर करता येत नाही, त्याच्यासाठी ती कित्येक पटींनी मोठी आहे.

पैशाच्या देवघेवीतही हेच. दुकानातील छोटे यंत्र 'अमुक रुपये प्राप्त झाले' असे ओरडून सांगते, त्यावर सारा बाजार विसंबतो. कर्णबधिराला ते यंत्र मुके आहे. ग्राहक मोबाईलवर पैसे पाठविल्याचे चित्र दाखवतो आणि निघून जातो. ते चित्र बनावटही असू शकते, म्हणून बँकेच्या स्वतःच्या ॲपमध्ये रक्कम जमा झालेली पाहिल्यावाचून वस्तू हातची सोडू नये, ही सवय लावून घ्यावी लागते. पैसे मिळविण्यासाठी यूपीआयचा पिन कधीच लागत नाही, ही दुसरी गोष्ट. पैसे मागणाऱ्या विनंत्यांच्या आडून जुन्या वस्तूंच्या विक्रेत्यांना लुबाडण्याचे प्रकार इतके वाढले की १ ऑक्टोबर २०२५ पासून व्यक्ती-व्यक्तींमधील अशा विनंत्यांची सोयच बंद करण्यात आली. पण क्यूआर कोड पाठवून पिन टाकावयास लावण्याची युक्ती त्याने संपत नाही. फसवणूक झालीच, तर तत्काळ मदतीचा क्रमांक आहे १९३०, म्हणजे पुन्हा फोन! राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर लेखी तक्रार करता येते, हे कर्णबधिरांपर्यंत त्यांच्या भाषेत पोहोचविणे हे काम कोणाचे?

मध्यस्थाचे मोल

यावर सुचविला जाणारा नेहमीचा उपाय म्हणजे ऐकणारा नातेवाईक किंवा मित्र बरोबर न्यावा. अनेक जण नेतातही, आणि अनेक नातेवाईक निःस्वार्थपणे मदत करतात. तरीही या उपायाची किंमत तपासली पाहिजे. कर्णबधिर आई-वडिलांचे दहा-बारा वर्षांचे ऐकणारे मूल व्यापाऱ्यासमोर उभे करून त्याच्या तोंडून घासाघीस करवून घेणे, यात त्या मुलावर केवढे ओझे पडते? आणि मध्यस्थ प्रौढ असेल, तर ठरलेला भाव आणि सांगितलेला भाव एकच आहे याची खात्री काय? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने हा धोका ओळखला आहे. त्याच्या कलम १३ ने दिव्यांगांना इतरांच्या बरोबरीने मालमत्ता बाळगण्याचा आणि आपले आर्थिक व्यवहार स्वतः चालविण्याचा हक्क दिला. एवढेच नव्हे, तर आर्थिक व्यवहारात साहाय्यकाचे आणि दिव्यांग व्यक्तीचे हितसंबंध एकमेकांआड येत असतील तर त्या व्यवहारात साहाय्यकाने बाजूला व्हावे, असेही सांगितले. घरातील जुनी दुचाकी चुलतभावालाच स्वस्तात हवी असेल आणि तोच दुभाषाही असेल, तर काय करावे याचे उत्तर कायद्यात आहे. अशा वेळी त्याने ग्राहक व्हावे किंवा दुभाषा. दोन्ही होता येणार नाही.

लिहून द्या म्हणणे सोपे

सारा सौदा लेखी करावा, हा या प्रश्नाचा खरा उपाय आहे. पण तो सांगताना एक अडचण प्रामाणिकपणे मान्य केली पाहिजे. ज्याची पहिली भाषा खुणांची आहे, त्याला मराठी ही शिकलेली, दुसरी भाषा असते. खुणांच्या भाषेला स्वतःचे व्याकरण आहे. मराठीचे विभक्तिप्रत्यय, क्रियापदांची रूपे तिच्यात नाहीत. शिवाय अनेक कर्णबधिर मुलांचे शाळेतील आयुष्य बोलावयास शिकण्यात खर्ची पडले, लिहिण्या-वाचण्याचा पाया कच्चा राहिला. अशा माणसाचा 'गाडी विकणे तीस हजार तू उद्या ये' असा संदेश आला की ऐकणाऱ्याला तो उद्धट तरी वाटतो किंवा एखाद्या फसव्या टोळीचा तरी. त्यामागे प्रामाणिक आणि कामात कुशल असा कामगार असेल, हे त्याच्या मनातही येत नाही.

या दिशेने काहीच झाले नाही, असे नाही. २०१५ मध्ये दिल्लीत भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्र स्थापन झाले. त्याचा शब्दकोश २०१८ मध्ये तीन हजार शब्दांचा होता, तो २०२१ मध्ये दहा हजारांवर गेला. २०२३ मध्ये आर्थिक व्यवहारांतील अडीचशेहून अधिक संज्ञांच्या खुणा प्रसिद्ध झाल्या. महाराष्ट्राने २०२२ मध्ये दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग निर्माण केला. पिंपरी-चिंचवड महापालिकेने मोरवाडीत दिव्यांग भवन उभारले. एप्रिल २०२५ मध्ये तर सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांची सुगमता हा जगण्याच्या हक्काचाच भाग मानला. पायाभरणी चांगली आहे. आता ती बाजारापर्यंत पोहोचली पाहिजे.

त्यासाठी फार मोठा खर्च लागत नाही. जुन्या वस्तूच्या विक्रीची एक पानी पावती छापता येईल. वस्तूचे छायाचित्र, तिच्यातील दोष, अंकांत आणि अक्षरांत किंमत, तारीख, दोघांच्या सह्या एवढेच तिच्यात असावे, आणि वाक्ये लिहिण्याऐवजी रकाने भरावयाचे असावेत, म्हणजे व्याकरण आड येणार नाही. कारखान्यांच्या कॅन्टीनमध्ये, गृहनिर्माण सोसायट्यांत, गणेशोत्सव मंडळांच्या कार्यालयांत ती ठेवता येईल. दिव्यांग भवनातून आठवड्यातील ठरावीक वेळी व्हिडिओ कॉलवर दुभाषा उपलब्ध करून देता येईल. परिवहन कार्यालयाबाहेर कोऱ्या अर्जावर सही न करण्याची सूचना खुणांच्या भाषेत, पडद्यावर दाखविता येईल. जाहिरातींच्या ऑनलाईन दालनांनी 'फक्त संदेश' असा पर्याय ठळकपणे द्यावा, म्हणजे विक्रेत्याला आपले व्यंग जाहीर करावे लागणार नाही. त्या पर्यायाला चार ऐकणारेही पसंती देतील. मराठी बोलणे मोबाईलच्या पडद्यावर अक्षरांत उमटविण्याची सोय आता सहज मिळते. बाजाराच्या गोंगाटात ती चुकते, म्हणून आकडा तरी प्रत्येकाने टाइप करून दाखवावा.

लेखी व्यवहाराचे हे बंधन म्हणजे आपल्या परंपरेवर लादलेले काही परके ओझे नाही. या पट्ट्याच्या कडेलाच देहू आहे. दुष्काळानंतर तुकोबांनी आपल्या वाट्याची कर्जखते इंद्रायणीत बुडविली, ही हकीकत तेथे घरोघरी सांगितली जाते. त्या त्यागाचे मोठेपण सर्व जण सांगतात. पण त्यात आणखी एक गोष्ट आहे. देणेकऱ्यांना मोकळे करावयाचे तर कागद बुडवावा लागला, इतके त्या काळच्या वाण्याच्या व्यवहारात लिहिलेल्या शब्दाला वजन होते. साडेतीनशेहून अधिक वर्षांपूर्वी देहूच्या दुकानात खत लिहिले जात होते, आणि आज त्याच इंद्रायणीच्या काठी हजारोंची वस्तू 'हो-हो, ठरले' एवढ्यावर हात बदलते.

कर्णबधिर कामगार कोणाकडे दया मागत नाही. त्याने स्वतःच्या पगारातून फ्रिज घेतला, हप्ते फेडून दुचाकी आपली केली. ती विकताना तिचे योग्य मोल त्याला मिळावे, एवढेच त्याचे म्हणणे आहे. त्याच्यासाठी मोबाईलवर आकडा टाइप करावयास अर्धे मिनिट लागते आणि पावतीचा रकाना भरावयास दोन मिनिटे. स्वतःला सुसंस्कृत म्हणविणाऱ्या समाजाने आपल्याच एका बांधवाच्या घामाचे मोल बुडू नये म्हणून तेवढा वेळ काढावयास हवा. खोली सोडणारा कोणी शेजारी पुढच्या वेळी जुनी दुचाकी विकण्यास काढील आणि फोन उचलणार नाही, तेव्हा त्याला लबाड ठरविण्याआधी एक संदेश पाठवून पाहावा.